चोरचोळी माईकवर

सव्वीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या बाईला किळस कशाची येणार? सोजराबाईनं बाळंतिणीची वार हातात धरली होती, पिकलेली गळवं पिळली होती. एकदा एका म्हाताऱ्याच्या कानातनं जिता किडा काढून त्याच्याच तळहातावर ठेवला होता, "घ्या आप्पा, भाडेकरू निघाला." हे सगळं उरकून ती हात धुवायची आणि तिथंच पायरीवर बसून भाकरी खायची. पोटुश्या बायकोला लाथा घालणाऱ्या एका शहाण्याला तिनं "ताकदीची हाय" म्हणून जुलाबाची गोळी दिली होती. तीन दिवस तो शहाणा रानातच मुक्कामाला होता. लाथ उचलायला पाय रिकामा पाहिजे ना.

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावरनं आत वळलं की चार किलोमीटरवर हिप्पळवाडी. गावात ख्रिस्ती घरं अकरा, त्यातलं एक सोजराबाईचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. जीभ मात्र जागच्या जागी होती.

त्या मंगळवारी दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. कलाबाई आली. कलाबाई म्हणजे उद्धवरावांची मंडळी. उद्धवराव गावातलं मोठं प्रस्थ, चाळीस एकर तूर आणि आवाज खर्जातला. कुठं सभा असली की माईक आधी त्यांच्याकडं जाणार. कलाबाईनं दारातनं मागं दोनदा बघितलं, मग बाकड्याच्या टोकाला टेकली.

"सोजरा अक्का, एक इचारू का? आमच्या पाव्हण्यात एक पोरगी हाय."

"बरं."

"तिला पाचवा लागलाय. तर ते... साफ करून घेतल्यावर बाई किती दिसांनी चालती?"

सोजराबाईनं हातातला कापूस खाली ठेवला. "कुठल्या पाव्हण्यात?"

"लांबच्या. भालकीकडल्या."

"पोरीची मर्जी हाय का?"

"पोरीला काय कळतंय?" कलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "रगात वाढायच्या गोळ्या दे जराशा. मागनं लागतील म्हणलं."

तिच्या मांडीवरच्या पिशवीतनं हिरव्या खणाची बाही बाहेर आली होती. नवी कोरी, चिटगुप्प्याच्या शिंप्याची, टाक्याचा पांढरा दोरा अजून निघाला नव्हता. पाचवा महिना आणि हिरवी चोळी. आता या भागात ज्या बाईला याचा अर्थ लागत नाही तिनं बाई म्हणून घेऊ नये. चोरचोळी! गरोदर लेकीला पाचव्यात माहेरची माणसं गुपचूप चोळी घालतात, दृष्ट लागू नये म्हणून गाजावाजा करत नाहीत. शेजारचे कानडी लोक कळ्ळ कुबसा म्हणतात, रीत तीच. सातव्यात मग वाजतगाजत ओटी भरायची.

"कला," सोजराबाई म्हणाली, "भालकीच्या पाव्हणीची चोळी तुझ्या पिशवीत कामून?"

कलाबाईचा बांध तिथंच फुटला. रडली ती, पण आवाज न करता. इतक्या वर्षांची सवय.

गोष्ट अशी होती. मागच्या उन्हाळ्यात तिची ज्योती हुलसूरच्या सुगतबरोबर गेली. सुगत बौद्ध घरचा, साखर कारखान्यात फिटर. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. उद्धवरावांनी गावात सांगितलं की पोरगी पुण्याला शिकायलीय. सगळ्या गावानं "व्हय का, बरं झालं" म्हणलं आणि घरी जाऊन तोंडाला पदर लावून हसलं. आता पोरीला दिवस गेल्याचं कानावर आलं तेव्हा उद्धवरावांनी राग गिळला, चोळी शिवून आणली आणि बायकोला हुलसूरला धाडलं. आई चोरचोळी घेऊन दारात आली म्हणल्यावर कोणती सासू न्हाई म्हणेल? सुगतच्या आईनं, विमलबाईनं, दहीभात बांधून सुनेला बसमध्ये बसवून दिलं. रीतच गुपचूप न्यायची, त्यामुळं ज्योती माहेरी आलीय हे गावात कुणालाच कळलं नव्हतं. तेच तर पाहिजे होतं. ज्योतीला मागच्या खोलीत घातलं, बाहेरनं कुलूप लावलं. फोन बापाच्या कपाटात गेला. सुगत दोनदा दारावर येऊन गेला. "ती हितं आलीच न्हाई," उद्धवराव म्हणाले आणि वर पाणी विचारलं.

"शुक्रवारी शिवेपलीकडं न्हेणार हायत," कलाबाई म्हणाली. "तिकडं तेलंगणात एक जण हाय, करून देतो. मूळव्याधीची पाटी हाय त्याची."

"आन् तू चोळी घेऊन आणायला गेलीस."

"मालक म्हणले, पोट मोकळं झालं की पोरगी परत आपली. बिदरकडं एक स्थळ बघितलंय."

सोजराबाईच्या पोटात काहीतरी वर आलं आणि घशाशी थांबलं. तिला आधी कळेनाच हे काय आहे. मग कळलं. असं व्हय! लोक म्हणतात ती किळस ही. कोंबडीला दाणे टाकून धरतात ते तिनं बघितलं होतं. लेकीला चोळी दाखवून धरतात हे आज बघत होती. आणि धरणारी समोर बसून रक्ताच्या गोळ्या मागत होती, माया म्हणून!

"चल," ती म्हणाली. "बीपी बघायच्या निमित्तानं येते. मालक हायत का घरी?"

"चिटगुप्प्याला गेलेत. हार सांगायला. परवा तुमच्यातच कार्यक्रम हाय न्हवं का."

मागच्या खोलीच्या खिडकीला गज होते. ज्योती गजाशी आली तेव्हा तिच्या अंगावर चार दिवसांपूर्वीचीच साडी होती. केस विंचरलेले नव्हते. सोजराबाईनं गजातनं हात घालून तिच्या दंडाला पट्टा बांधला. आईकडं पोरीनं बघितलंसुद्धा नाही.

"अक्का, मला माझं लेकरू पाहिजे," ती हळू म्हणाली. "मी त्या गाडीत बसणार न्हाई. पण हे उचलून न्हेतील. दोघं चुलतभाऊ बोलवलेत."

"बीपी वाढलंय."

"वाढणार न्हाई तर काय?"

सोजराबाई तडक फादरकडं गेली. फादर व्हॅलेरियन मंगळूरकडचे, माणूस वाईट नव्हता. मराठी बोलायचे ते कानडी वळणानं, आणि चिडले की कोकणीत. आत्ता ते खुर्चीवर उभे राहून बॅनरची दोरी ओढत होते. 'प्रत्येक जीव देवाचा. जीवन दिन. सर्वधर्म मेळावा.' टेबलावर बेंगळूरहून आलेली खोकी होती. त्यात प्लास्टिकची अंगठ्याएवढी बाळं, तीनशे. बारा आठवड्यांचं बाळ आईच्या पोटात एवढं असतं, हे लोकांना हातात धरून कळावं म्हणून वाटायची.

सोजराबाईनं सगळं सांगितलं. फादर खुर्चीवरनं उतरले आणि त्याच खुर्चीवर बसले.

"पोरगी हिंदू," ते बोटं मोजत म्हणाले. "नवरा बौद्ध. मध्ये मी, क्रिस्ताव पाद्री. उद्या काय म्हणतात सोजराबाई? मिशनवाल्यांनी पोरगी पळवली, धर्म बदलायला. मागच्या वर्षी आजारी माणसापाशी एक गाणं म्हणलं आपण, तर केस. दवाखाना बंद पडला तर या पन्नास गावांनी कुठं जायाचं?"

यात खोटं काहीच नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

"फादर, सव्वीस वर्षं तुमी लोक मला शिकवताव. जीव पोटात पडला तवाच तो देवाचा झाला. मी ते खरं धरलंय. माझ्या भाचीला लोक पाड म्हणले, मी न्हाई पाडू दिलं. ती लेक आता सातवीत हाय. आन् आता तुमी म्हणताव..."

"मी काही म्हणत नाही. मी प्रार्थना करतो म्हणतो. आणि उद्धवरावांशी बोलतो. हळू. कार्यक्रम झाल्यावर."

"कार्यक्रम गुरुवारी. शुक्रवारी गाडी."

"प्रमुख पाहुणे आहेत ते. पत्रिका छापल्या."

सोजराबाईनं खोक्यात हात घालून मूठभर बाळं उचलली आणि परत खोक्यात सोडली. वाळकी शेंग फुटल्यासारखा आवाज झाला. "ही तीनशे वाटायला भ्या न्हाई वाटत तुमाला. एक जितं हाय, त्याचं भ्या."

फादरांचा चेहरा उतरला. ती दाराशी पोचली तेव्हा मागनं म्हणाले, "आभार तुम्ही मानायचे बरं का गुरुवारी. बायकांतर्फे. दोन मिनिटं."

"मानते की," सोजराबाई म्हणाली. आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत ती जुलाबाच्या गोळीची चमक आली.

त्या संध्याकाळी तिनं हुलसूरला विमलबाईला फोन लावला. "ताई, रडायचं मागनं. आधी ऐका."

गुरुवारी दहाला मांडव भरला. स्टेजवर मठाचे स्वामी, मशिदीचे मौलाना, बुद्धविहाराचे भंते धम्मानंद, फादर आणि मधोमध उद्धवराव. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, छातीला फूल. अत्तर एवढं की पहिल्या रांगेतली एक म्हातारी शिंकत होती. बायकांच्या रांगेत कलाबाई बसली होती, कमरेच्या केळात, म्हणजे साडीच्या खोच्यात, मागच्या खोलीची किल्ली खोचून. शेवटच्या रांगेत एक अनोळखी बाई पांढऱ्या साडीत येऊन बसली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त सोजराबाईचं होतं.

स्वामी बोलले, मौलाना बोलले, भंते सगळ्यात कमी बोलले म्हणून लोकांना सगळ्यात आवडले. मग उद्धवराव उठले.

"बंधू-भगिनींनो! पोटातल्या जीवाला जात नसते. धर्म नसतो. त्याला नखसुद्धा लावणारा बाप, बाप नव्हे, राक्षस आहे राक्षस!"

टाळ्या वाजल्या. त्यांनी रुमालानं डोळा टिपला. डोळा कोरडाठाक होता, सोजराबाई बाजूलाच उभी होती, तिला दिसत होतं. तो परवाचा घशाशी आलेला घास पुन्हा वर आला. वाटलं, इथंच स्टेजवर ओकावं, बरोबर त्या फुलावर. पण ओकून पोरगी सुटत नव्हती. तिनं गिळलं. माईक हातात घेतला. तोंडावर एवढं हसू आणलं की ओळखीच्या बायका सावध झाल्या.

"आभार मानायच्या आधी एक गोड बातमी सांगते," ती म्हणाली. "उद्धवअण्णा लई मोठ्या मनाचे. स्वतःच्या तोंडानं सांगणार न्हाईत. लोकं भाषणं करतात, अण्णांनी करून दाखवलं. त्यांची ज्योती हुलसूरला बौद्ध घरात दिलीय, ठावं हाय न्हवं का सगळ्यांला?"

पुण्याची पोरगी क्षणात हुलसूरला पोचली.

"तिला पाचवा लागलाय! आन् अण्णांनी काय केलं? राग धरला का? न्हाई! हिरवी चोळी शिवली, आईला पाठवलं, लेक माहेरी आणली. चोरचोळी केली! लेक आत्ता घरात हाय. जातपात न बघता पोटातल्या जीवाचा मान केलेला हा बाप अख्ख्या तालुक्यात पहिला. वाजवा की टाळ्या!"

पहिली टाळी मौलानांनी वाजवली, भाबडा माणूस. मग भंते. मग सगळा मांडव, माईक काखेत धरून सोजराबाईसुद्धा. वार्तापत्राचा एक जण मोबाइल उंच धरून पुढं धावला. उद्धवराव उठून तिच्या कानाशी आले. हसरं तोंड तसंच ठेवून दातातनं म्हणाले, "सोजरे, तुला बघून घेतो."

सोजराबाईनं माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. "काय म्हणलात अण्णा? लोकांला ऐकू द्या की."

शेपाचशे माणूस बघत होतं. मोबाइलही बघत होता. उद्धवराव माईककडं वळले.

"आशीर्वाद... आशीर्वाद आहे म्हणलं माझा. लेकीला."

"ऐकलं का! मग आता पाच सवाष्णी उठा. चोळी झाली, ओटी आपण भरू. सासूपण आलीय. विमलताई, उठा, लोकांला दिसू द्या."

शेवटच्या रांगेतली पांढऱ्या साडीची बाई उठली. सगळ्या माना तिकडं वळल्या. ओटी म्हणल्यावर बायका थांबतात होय? मागनं कुणीतरी हलगी वाजवायला घेतली. पण खोलीला कुलूप, आणि किल्ली कलाबाईच्या कमरेला. सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या, "चल की कला, अशी बसलीस कामून?" कलाबाईनं स्टेजकडं बघितलं. उद्धवरावांनी डोळ्यांनीच नको म्हणलं. बावीस वर्षं ती त्या डोळ्यांनी उठत होती, बसत होती. सोजराबाईचा सगळा डाव एका बाईच्या कमरेत खोचलेला होता.

कलाबाईनं केळातनं किल्ली काढली. मान वर न करता ती शेजारणीच्या हातात दिली. "तुमीच जावा," ती म्हणाली. "मला दार उघडायला व्हायचं न्हाई."

बायका ज्योतीला वाजवत घेऊन आल्या. कुणीतरी तिचे केस बांधले होते, कुणीतरी आपली शाल दिली होती. वाटेत एका सिस्टरनं सवयीनं तिच्या हातात प्लास्टिकचं बाळ ठेवलं. ज्योतीनं ते परत केलं. "मला नको सिस्टर, माझ्याकडं हाय." मांडव एवढा हसला की स्वामींचं उपरणं खांद्यावरनं घसरलं.

तिला खुर्चीवर बसवलं. गहू, खारीक, नारळ, हळदकुंकू, पाच जणी पुढं आल्या. विमलबाई आधी बाजूला उभी होती. "आमी हे सगळं सोडलंय," ती भंत्यांकडं बघत म्हणाली. भंते छताच्या पट्ट्या मोजत होते. मग तीच म्हणाली, "पण सून भरल्या ओटीनं निघणार आसल तर पदर धरायला मी हाव," आणि खाली बसून तिनं ज्योतीच्या पदराची दोन टोकं धरली.

शेवटी कलाबाई आली. हातात नारळ. ज्योतीनं पदर मागं घेतला नाही. पण मान दुसरीकडं वळवली आणि ओटीत नारळ पडेपर्यंत तशीच ठेवली. कलाबाई कुंकू लावायला वाकली तेव्हा बोट कपाळाऐवजी कानशिलाला लागलं. हलगीवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं आणखी जोरात वाजवलं.

भरली ओटी माहेरात उतरवत नाहीत, हे हिप्पळवाडीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाईनं दिवस बुडायच्या आत सासरचा उंबरा गाठायचा. म्हणून लगेच "चला चला" झालं. सुगत जीप घेऊन फाट्यावर थांबलाच होता. जीप मांडवाशी आली तेव्हा उद्धवरावांनी पुढं होऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मोबाइलवाल्याच्या दिशेनं तोंड करून. ज्योतीच्या मानेवर काटा उभा राहिलेला सोजराबाईला चार हातांवरनं दिसला. जीप गेली. दोघं चुलतभाऊ मागच्या खुर्च्यांवर बसून जिलेबी खात होते. त्यांना आता दुसरं कामच उरलं नव्हतं.

एवढ्यावर संपलं असतं तर सोजराबाईला त्या रात्री झोप लागली असती.

शनिवारी पेपरात फोटो आला. 'समतेचा बाप!' खाली उद्धवरावांची मुलाखत. लेकीचं लग्न आपणच लावून दिलं, समाजाचा विरोध पत्करला, वगैरे. बसवकल्याणच्या एका मंडळानं त्यांना सत्काराला बोलावलं होतं. फादरांनी ते कात्रण मिशनच्या देवळाच्या बोर्डावर लावलं होतं, वरती लाल पेनानं 'देवाची स्तुती असो'. सोजराबाईनं ते दोनदा वाचलं. हातात फडकं होतं, ती बोर्ड पुसायलाच आली होती. आजूबाजूचं सगळं पुसलं, कात्रणाला फडकं लावलं नाही. फडकं घाण झालं असतं.

मग ती पापकबुलीला गेली. जाळीच्या पलीकडं फादर, अलीकडं गुडघ्यावर ती.

"फादर, मी खोटं बोलले. माईकवर, पाचशे माणसांपुढं."

"काय खोटं?"

"उद्धवरावाचं मन मोठं हाय म्हणलं."

"आणखी?"

"त्या पोरीची आई तिला प्रेमानं न्यायला गेली हुती म्हणलं, लोकांपुढं. भोंग्यावरनं तिला कोंडल्या खोलीत ते ऐकावं लागलं. तोंडातनं निघाल्यावर मला कळलं. आन् त्या माणसासाठी मी टाळी मागितली. स्वतःपण वाजवली. ती हातावर अजून हाय असं वाटायलंय, डेटॉलनं धुतले तरी."

"जीव वाचला सोजराबाई."

"व्हय. वाचला. पण आता ते लेकरू मोठं झाल्यावर पेपर दावतील त्याला. म्हणतील, बघ तुझा आजा." ती थांबली. "पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा खोटं बोलीन मी. त्याचा पस्तावा न्हाई, आधीच सांगते."

"मग पस्तावा कशाचा?"

"तुमच्यावर रागावलेय, त्याचा. तोपण पुरता न्हाई."

जाळीपलीकडं फादरांनी चष्मा काढला असावा, घडी घातल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, आणि या खेपेला मराठी अगदी सावकाश, शब्द शोधत, "सोमवारी मी गाडी काढतो. हुलसूरला. पोरीला तपासणीला आणायला. मीच चालवतो. पुढच्या सीटवर, झगा घालून. कुणी केस केली तर केली."

"मंगळवारी हेच म्हणला असतात तर..."

"माहिती आहे मला."

सोजराबाईनं कपाळ जाळीला टेकवलं. लाकडाला मेणाचा आणि जुन्या घामाचा वास येत होता, सगळ्या गावाच्या पापांचा.

"प्रायश्चित्त सांगा. गुडघे दुखायलेत."

"नमो मारियाची प्रार्थना, दहा वेळा."

"पाच मी म्हणते," ती उठत म्हणाली, "पाच तुमी म्हणा."